गच्चीवरचं डबकं

मोहालीत आमच्या रस्त्याच्या तोंडाशी शिंगाड्यांची हातगाडी उभी राहिली, की मी कुलर कोरडे करायला घेते. पंचांग बघावं लागत नाही. हिरवे, शिंगं फुटलेले, चिखलाचा वास अजून न गेलेले शिंगाडे ओल्या गोणपाटावर रचलेले असतात आणि गाडीवाला मधूनमधून त्यांच्यावर पाणी मारत असतो. आपल्याकडे शिंगाडा म्हणजे उपासाचं पीठ. इकडे तो ताजा सोलून उभ्याउभ्या खातात. मीही खाते. चवीला फार काही नाही, दाताखाली कुरकुरतो ते बरं वाटतं.

हे दिवस इथले सर्वांत गैरसोयीचे. पाऊस गेलेला नसतो आणि राहिलेलाही नसतो. सकाळी वाळत घातलेले टॉवेल संध्याकाळीही दमटच. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात. हवा अशी, की कुणीतरी आपल्या मानेवर श्वास सोडतंय. आणि दुपारी भोंगा लावलेली रिक्षा गल्लीगल्लीतून फिरते : कूलर में पानी न रखें, गमलों के नीचे पानी न रखें, छत पर पुराने टायर न रखें. डेंग्यूचे दिवस. सूचना योग्यच आहे, मी स्वतः शेजाऱ्यांच्या कुंड्यांखालच्या बशा उलट्या केलेल्या आहेत. पण त्या एका वर्षापासून हा भोंगा ऐकला, की माझे डोळे आपोआप गच्चीच्या जिन्याकडे वळतात.

ते गुरलीनचं वर्ष.

गुरलीन माझी पीएचडीची विद्यार्थिनी. मी चंदीगडला वनस्पतिशास्त्र शिकवते. ती मुल्लानपूरच्या बाजूच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी, स्कूटीवरून यायची आणि हेल्मेट काढायच्या आधी बोलायला सुरुवात करायची. तिचा विषय होता आसपासच्या पाणथळ जागांमधल्या वनस्पती. गावतळी, ज्यांना इकडे टोभा म्हणतात, कालव्याच्या कडा, भातखाचरांचे कोपरे, विटांसाठी माती काढून राहिलेले खड्डे. काम सोपं नव्हतं, कारण आम्ही यादी करत जात होतो त्याच वेगानं जागा नाहीशा होत होत्या. गेल्या पावसाळ्यात जिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून हायड्रिला गोळा केली, तिथे या पावसाळ्यात नमुना फ्लॅट बघायला चला म्हणून फलक. गुरलीन फलकाचाही फोटो काढायची. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "मॅम, ये भी तो हॅबिटॅट का हिस्सा है अब."

तर त्या श्रावणात तिला तिच्या घरच्याच शेतात, कोपऱ्यातल्या एका पाणी साचलेल्या खोलगट जागेत, एक वनस्पती सापडली. ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं माझ्या टेबलावर ठेवली.

"मॅम, ये घास नहीं है ना?"

नव्हतं. दिसत होतं मात्र कांद्याच्या पातीसारखं. वीत-दीड वीत लांब, पोकळ, हिरव्या नळ्या, बुडाशी पांढऱ्या आणि फुगीर. मी एक पान बुडाशी चिमटून उघडलं आणि आतला पिशवीसारखा खळगा दिसल्यावर खुर्ची मागे सरकवून उभी राहिले. आयसोएटिस. मराठीत तिला नाव असल्याचं मला माहीत नाही. इंग्रजांनी तिला पिसाच्या लेखणीवरून नाव दिलं. आपण दिलं नाही, कारण ती खाता येत नाही, तिला फूल नाही, आणि लांबून ती गवत आहे.

माझी तिची ओळख जुनी. मी राजापूरची. आमच्याकडचा सडा, म्हणजे गावावरचं काळ्या जांभ्याचं पठार, उन्हाळ्यात तव्यासारखा असतो. पावसात त्याच्या प्रत्येक खळग्यात बशीभर पाणी साचतं आणि त्या बशीत एक अख्खं जग उगवतं. निळी सीतेची आसवं, जी दिसायला गरीब आणि पाण्याखाली किडे पकडून खाणारी. पांढऱ्या गोंड्यांची टाचणीसारखी गवतं. आणि कडेला हीच हिरवी पात. शाळेत जाताना मी ती वर्षानुवर्षं तुडवली. तिचं नाव कळलं ते कोल्हापूरला एमएस्सी करताना, आणि तेव्हा मला वाटलं होतं, एवढी जुनी बाई आणि आपण तिच्यावरून चपला घालून चालत होतो. मग पुन्हा सड्यावर गेले तेव्हाही तुडवलीच. सड्यावर दुसरीकडे पाय ठेवायला जागा नसते.

जुनी म्हणजे किती, ते वर्षांच्या आकड्यात सांगून काही पोचत नाही. फुलं नावाची गोष्ट जगात यायच्या पुष्कळ आधी तिचे भाऊबंद होते आणि ते उंच वृक्ष होते. दलदलीत खांबांसारखे उभे, अंगावर खवल्यांसारख्या खुणा. त्यांची अरण्यं गाडली गेली, दबली, त्यांचा कोळसा झाला. घराण्यातले सगळे मोठे गेले आणि ही वीतभर पात तेवढी उरली. वैभव टिकलं नाही, काटकसर टिकली. हिच्या काटकसरीचा एक नमुना मला फार आवडतो. उथळ पाण्यात दिवसा सगळ्या वनस्पतींची कार्बन डायऑक्साइडसाठी झुंबड उडते. ही रात्री, गर्दी नसताना, तो आत घेऊन साठवते आणि दिवसा ऊन पडलं की वापरते. मी दुधाच्या बूथवर पहाटे जाते, त्याच तत्त्वावर.

पाण्यातल्या बाकीच्या वनस्पतींची गोष्ट वेगळी. त्यांचे पूर्वज पाण्यातून जमिनीवर आले, झाडं-वेली झाले, आणि मग त्यातले काही परत पाण्यात गेले. एकदा नव्हे. वेगवेगळ्या घराण्यांतून, वेगवेगळ्या काळी, एकमेकांना न विचारता. म्हणून तळ्यात शेजारीशेजारी राहणाऱ्यांची नाती भलतीकडेच निघतात. शिंगाडा डाळिंबाच्या आणि मेंदीच्या घरचा. कमळाचा जवळचा नातलग म्हणजे काश्मीरचा चिनार. तळ्यावर साबुदाण्यासारखी तरंगणारी हिरवी टिकली अळवाच्या घरातली. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं वहीत उतरवून घेतात. घरी कमळकाकडी चिरताना सांगितलं तेव्हा माझी मुलगी सई म्हणाली, "मम्मा, भोकं कशाला असतात ते सांग, बाकी रिश्तेदारी छोड़." भोकं हवेसाठी. चिखलातल्या खोडाला श्वास वरून पाठवावा लागतो. कमळाच्या पानाची श्वासाची छिद्रंही वरच्या बाजूला. खाली पाणी असताना ती खाली ठेवून काय उपयोग?

गुरलीनला सगळ्यांत आवडायची ती पाण्याखाली फितीसारखी पानं असलेली व्हॅलिस्नेरिया. तिची नरफुलं कणाएवढी. पिकली की देठ तोडून मोकळी होतात, वर येतात आणि पाण्यावर होड्यांसारखी फिरत मादीफुलाला जाऊन टेकतात. मादीफूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत आलेलं असतं. काम झालं, की देठाची स्प्रिंग होते आणि ते परत खाली ओढलं जातं.

"मॅम, ये तो पूरी बारात है," ती म्हणाली होती.

"आणि नंतर खाली जाते ते?"

"विदाई." मग जरा विचार करून, "लेकिन दूल्हे सारे ऊपर ही रह गए. बढ़िया सिस्टम है."

असो. मुद्दा आयसोएटिसचा. आमची अडचण अशी होती, की आयसोएटिस आहे एवढं कळलं तरी तिची जात कोणती ते पानावरून कळत नाही. पात सगळ्या जातींची सारखीच. जात ओळखायची ती बीजाणूंवरून. पानाच्या बुडाशी त्या खळग्यात ते तयार होतात. मोठे बीजाणू पांढरे, रव्याच्या कणाएवढे, आणि त्यांच्या अंगावरची नक्षी प्रत्येक जातीची वेगळी. पण ती नक्षी पिकल्याशिवाय पुरी उमटत नाही. आणि गुरलीनच्या घरचं ते शेत विकलं गेलं होतं. ताबा द्यायचा होता. पावसाचा जोर ओसरला की यंत्रं येणार, खोलगट भाग भरून सपाट करणार. हिवाळ्यात तिला प्रबंध द्यायचा होता.

म्हणजे बीजाणू आधी पिकतात की यंत्रं आधी येतात, एवढाच प्रश्न.

"नाही पिकले तर 'जात अनिश्चित' लिहायचं," मी म्हटलं. "प्रबंध त्यानं अडत नाही."

"अडणार नाही, मॅम." गुरलीन माझ्याबरोबर काम करून थोडं मराठी बोलायला शिकली होती आणि गंभीर झाली की ते वापरायची. मग हिंदीत आली. "पर सारे जहान के तालाबों का नाम-पता लिखा मैंने. और अपने ही खेत वाली के आगे लिखूँ, पता नहीं कौन है?"

मी गाडीची किल्ली घेतली.

शेतावर तिचे पापा बांधावर उभे होते. त्यांना मी दोन-तीनदा भेटले होते. बोलणं कमी, आदरातिथ्य भरपूर. शेत विकलं याबद्दल त्यांच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही. तिन्ही बाजूंची शेतं गेली होती, पाणी आणायचा रस्ता अडला होता, मध्ये एकटं राहून ते काय पिकवणार? मी त्यांच्या जागी असते तर मीही विकलं असतं. आम्ही दोघी घोट्याच्या वरपर्यंत चिखलात, हातात खुरपी. ते बघत राहिले.

"मैडम जी, चाय पीके जाना. उस टोए में क्या रखा है." टोया म्हणजे खड्डा.

"यही रखा है, पापा," गुरलीन म्हणाली आणि एक झुबका मुळांवरच्या चिखलासकट उचलून टबात ठेवला. त्यांनी तो पाहिला, मग आमच्या पायांकडे पाहिलं, आणि चहा सांगायला निघून गेले.

आमच्या विभागाच्या काचघराचं छप्पर त्या वर्षी दुरुस्तीसाठी उतरवलं होतं. म्हणून प्लास्टिकचे चार मोठे टब आमच्या गच्चीवर आले. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, गच्ची आमच्याकडे. माझा नवरा माधव हवाई दलातून निवृत्त झालेला. त्यानं गाडीची डिकी उघडून आत पाहिलं. तो दर रविवारी गाडी धुतो.

"चिखल," तो म्हणाला. "तोही दुसऱ्यांचा."

"चिखलात शेवटची काही झाडं आहेत."

"झाडं कुठे? ही पात आहे."

"तिचे काका-मामा झाडं होते."

"बरं," असं म्हणून त्यानं दोन टब वर नेले. दोन मी आणि गुरलीननं.

आणि मग आम्ही त्यांची काळजी घ्यायला लागलो. टबाच्या आतल्या बाजूला मी नेलपॉलिशनं रेघ मारली, पाणी या रेघेखाली जायचं नाही. सकाळी मी बघायची, एक दिवसाआड गुरलीन यायची. ऊन जास्त झालं की लगेच मगभर पाणी ओतायचं. डास होऊ नयेत म्हणून वरून जाळी बांधलेली. मासे सोडायचा विचार केला, पण चार बोटं पाण्यात दुपारच्या उन्हात मासा शिजला असता. पात सुरेख वाढली. गर्द हिरवी, ताठ, शेतात होती त्यापेक्षा टवटवीत. आम्ही दोघी तिच्याकडे अभिमानानं बघत असू. दर खेपेला एक पान काढून बुडाशी उघडायचं. आत दाणे असायचे, पण दुधाळ, मऊ, नखानं दाबले की फुटणारे.

"अगली बार," गुरलीन म्हणायची.

भाद्रपद आला. गणपती आले आणि गेले. इथल्या मराठी मंडळींच्या आरतीला आम्ही जाऊन आलो, मोदक खाल्ले, परत येऊन टबात पाणी घातलं. पुढच्या वेळीही दाणे मऊच. शेताच्या रस्त्यावर मुरुमाचे ट्रक रिकामे व्हायला लागले होते. गुरलीन आता आली की आधी बोलायची नाही, आधी जिना चढायची.

इथे एक सांगायचं राहिलं. माधव आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. डेंग्यूसंबंधीची नोटीस त्यानंच तयार करून प्रत्येक जिन्यात लावली होती. साचलेलं पाणी कुठल्याही कारणासाठी ठेवू नये, कुठल्याही या शब्दाखाली रेघ. तपासणीचं पथक आलं तेव्हा त्यांना घरोघर घेऊन जाणंही त्याचंच काम. त्या दिवशी एक प्रौढ गृहस्थ होते, खिशात टॉर्च, आणि बरोबर एक तरुण मुलगी, हातात पाणी तपासायचा पांढरा डाव. सगळ्या इमारती झाल्या. आमची शेवटची. कुलर कोरडे, फ्रिजमागचा ट्रे कोरडा. ते परत फिरतच होते.

"छत भी देख लीजिए," माधव म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

गच्चीवर ते गृहस्थ टबांपाशी थबकले. "मैडम जी, छत पे झोना लगा लिया?" झोना म्हणजे भात.

"ये रिसर्च है," मी म्हटलं. "जाली लगी हुई है."

"बहुत अच्छा जी. पर मच्छर को तो नहीं पता ना रिसर्च है."

मुलीनं तिसऱ्या टबाची जाळी उचलली. एका कोपऱ्यात ती सुटलेली होती. पांढरा डाव पाण्यात बुडवून तिनं माझ्यासमोर धरला. आत बारीक अळ्या वळवळत होत्या. मी आयुष्यभर मुलांना डबक्यातलं पाणी असंच डावात घेऊन दाखवत आलेय. नाही म्हणायला काही जागाच नव्हती.

"ओतून टाकावं लागेल," माधव म्हणाला. "चारही."

"माधव."

"सेक्रेटरी म्हणून बोलतोय."

"आणि नवरा म्हणून?"

"नवरा म्हणून खाली जाऊन चहा ठेवतो."

पण चहा ठेवायला तो आधी गेला नाही. टब तिरके धरून पाणी त्यानं स्वतः, माती जाऊ नये म्हणून आड हात धरून, हळूहळू सांडलं. पथक पुन्हा तपासायला येणार होतं, तोवर टबात पाणी घालणार नाही असा शब्द त्यानं दिला. गृहस्थांनी चहा घेतला आणि जाताना मला म्हणाले, "झोना बढ़िया है वैसे."

दुसऱ्या दिवशी गुरलीन आली. हेल्मेट डोक्यावर तसंच. तिनं आधी मला फोनमधला फोटो दाखवला. त्यांचं शेत, सपाट, लालसर, त्यावर यंत्राच्या पट्ट्यांच्या खुणा. सकाळीच भरलं. मग ती वर गेली. मी मागोमाग.

टबांकडे बघून ती उपड्या बादलीवर बसली. "वहाँ मिट्टी डाल दी," ती म्हणाली. "यहाँ पानी निकाल दिया."

रडणाऱ्या माणसाशी कसं बोलावं हे मला कधीच जमलेलं नाही. मी तिला उठवलं आणि टब टाकीच्या सावलीत ओढायला लावले. मग खाली आणून पोहे खायला घातले. माधवनं लिंबू पिळून दिलं. तिनं ते पोहे खाल्ले आणि म्हणाली, "अंकल, आप ग़लत नहीं थे." त्यानं त्याला बरं वाटलं नाही.

त्यानंतरचे दिवस कडक उन्हाचे. एकाएकी आकाश धुतल्यासारखं निळं झालं, शिवालिकचे डोंगर जवळ आल्यासारखे दिसायला लागले. या मोसमाचे हेच चांगले दिवस आणि मला ते नको होते. टबातला चिखल आधी चमकायचा थांबला, मग त्याच्या कडा भिंतीपासून सुटल्या. पात आडवी पडली, फ्रिजमध्ये विसरलेल्या कांद्याच्या पातीसारखी मऊ झाली, पिवळी झाली. माधव दिवसातून दोनदा वर जाऊन यायचा. कुठून तरी लॉनवरची मोठी छत्री आणून त्यानं टबांवर उभी केली.

"थोडं शिंपडू का?" त्यानं एकदा विचारलं. "नुसतं शिंपडणं म्हणजे काही पाणी साठवणं नाही."

"तू शब्द दिलायस."

"ते खरं," तो म्हणाला, आणि छत्री जरा तिरकी करून खाली आला.

पथक येऊन पाहून गेलं. टब कोरडे. आता पाणी घालता आलं असतं, पण घालायचं कशाला? मी टब रिकामे करायला वर गेले. पहिला झुबका पिवळ्या पानांना धरून उपटला, तर कंद चिखलातच राहिला आणि पानं बुडाशी सुटून हातात आली. त्यांची बुडं फाटली आणि माझ्या तळहातावर रवा सांडला.

पांढरा, कोरडा, टणक. नखानं दाबला, फुटला नाही. भिंगातून पाहिलं. प्रत्येक कणावर बारीक टेंगळं, स्पष्ट, एकसारखी.

मी तिथेच, त्या उपड्या बादलीवर बसून गुरलीनला फोन केला. "ये," एवढंच म्हटलं. माझा आवाज कसा आला मला माहीत नाही, ती म्हणाली, "मॅम, कुछ हुआ? अंकल ठीक हैं?"

आम्ही दोघी भाताच्या मुलखातल्या. माझ्या काकांच्या शेतात कापणीआधी बांध फोडून पाणी सोडून देतात, मी लहानपणी त्या फोडलेल्या जागी मासे धरायला बसलेय. तिच्या घरी पंजाबातही तेच करतात. पीक पिकायचं तर पाणी उतरू द्यावं लागतं, हे आम्हाला कुणी शिकवायची गरजच नव्हती. त्या तपासणीवाल्यांनी तर तोंडावर झोना म्हटलं होतं. पण आमच्या टबात भात नव्हता, लॅटिन नावाची दुर्मीळ वनस्पती होती, आणि तिला आम्ही जपत होतो. जिचं सगळं आयुष्य खड्डा भरणं आणि आटणं याच्या बेतानं आखलेलं, तिला आम्ही नेलपॉलिशच्या रेघेपर्यंत कायमचा श्रावण दिला. मग ती कशाला पिकायची घाई करील? यावरून मुलं वाढवण्याबद्दल काही बोध काढायचा मोह होतो. सई तेव्हा सेक्टर चौतीसच्या क्लासला जात होती आणि मी तिच्या डब्याची, बाटलीची, झोपेची रेघ राखत होते. पण मी बोध काढत नाही. मुलं म्हणजे आयसोएटिस नव्हेत, कोरडी ठेवली तर फक्त चिडतात.

बीजाणू मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली गेले. पडद्यावर एक कण उगवत्या चंद्राएवढा, टेंगळांनी भरलेला. गुरलीन ओठ दाबून बघत होती. तिच्या मनात काय होतं ते तिनं मला सांगितलं नव्हतं, पण प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात असतं तेच. नवी जात.

नव्हती. पुस्तकं काढून जुळवलं, दुसऱ्या तज्ज्ञाकडून खात्री केली. कोरोमंडल किनाऱ्याच्या नावाची ती जुनी, माहितीतली जात. देशात पुष्कळ ठिकाणी सापडते.

"म्हणजे नवी नाही."

"नाही."

तिनं एक कप चहा संपेपर्यंत वाईट वाटून घेतलं. मग म्हणाली, "चलो. नाम तो है."

"मद्रासकडची का?" माधवनं रात्री जेवताना विचारलं.

"नाव तिकडचं. राहते सगळीकडे."

"फौजी आहे म्हणजे," तो म्हणाला आणि भात वाढून घेतला.

निम्मे बीजाणू आम्ही पुन्हा पेरले. विभागाच्या मागच्या हौदात ती आता दर पावसाळ्यात उगवते. शिंगाडे आले की मी हौदाचं बूच काढते, शिपाई दरवेळी विचारतो की मॅडम, सूख जाएगा, आणि मी म्हणते, हो, सुकू दे. गुरलीन भटिंड्याला शिकवते. ते शेत होतं तिथे आज बारा-चौदा मजले उभे आहेत. मध्यंतरी मी त्या बाजूला गेले होते तर गेटवरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, किससे मिलना है? सांगण्यासारखं नाव नव्हतं, गाडी वळवली.

पण त्या वर्षाचं शेवटचं काम अजून बाकी होतं. नमुना कागदावर चिकटवून संग्रहालयात ठेवायचा तर खाली लेबल लागतं. वनस्पतीचं नाव, गोळा करणाऱ्याचं नाव, तारीख, ठिकाण. ठिकाणाच्या बाबतीत मी कडक आहे. परक्या माणसाला पुढे कधीही सापडेल असंच लिहायचं. वडाजवळ, देवळामागे, मामाच्या विहिरीशी, असलं मुलं लिहून आणतात आणि मी लाल पेननं खोडते. वड पडतो, मामा जातो.

गुरलीननं व्यवस्थित लिहून आणलं होतं. जिल्हा, गाव, अक्षांश, रेखांश. खाली नव्या वसाहतीचं नाव आणि ब्लॉक. मी वाचलं.

"हे ब्लॉक तेव्हा नव्हते. तुम्ही घरी त्या शेताला काय म्हणायचात?"

"खेत ही कहते थे, मॅम." मग थांबून, "पापा को पता होगा." तिनं फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून तिच्या पापांचा आवाज. तिनं विचारलं.

"हुण की करना ओहदा नां?" आता कशाला हवंय त्याचं नाव?

"लिखना है, पापा. मैडम पूछ रहे हैं."

"डड्डूआंवाला," ते म्हणाले. आणि मग त्यांना हसू आलं. त्या सबंध मोसमात मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. त्या कोपऱ्यात पाणी साचलं की एवढे बेडूक ओरडायचे, की त्यांची आई, गुरलीनची दादी, घरातून आरडाओरडा करायची, जाओ कोई, चुप कराओ इन को. डड्डू म्हणजे बेडूक. तेव्हापासून डड्डूआंवाला खेत. "लिख लेंगे? इतना बड़ा कालेज?" त्यांनी विचारलं.

गुरलीननं फोन ठेवला. माझ्याकडे न बघता लेबलच्या शेवटच्या ओळीत, अगदी बारीक अक्षरात, पेन्सिलनं, कंसात तिनं ते नाव लिहिलं. मला खोडता यावं असं. मग लेबल माझ्यापुढे सरकवलं.

मी तिला नवं कोरं लेबल दिलं. "कंस नको," मी म्हटलं. "आणि शाईनं लिही."